डावीकडे वळायचं नाही

उत्तरेश्वर कोरके यांच्या गाडीचा हॉर्न मंगळवारी संध्याकाळी पहिल्यांदा आपणहून वाजला, तेव्हा हा कोण असभ्य माणूस म्हणून खुद्द कोरक्यांनीच मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. पुढेही कोणी नव्हतं. कोथरूडमधल्या ‘सौजन्य’ सोसायटीच्या फाटकातून ते डावीकडे वळत होते, हात स्टिअरिंगवर होते आणि हॉर्नच्या बटणाला त्यांचं बोटही लागलेलं नव्हतं. स्टिअरिंग सरळ झालं तसा आवाज थांबला. कोरक्यांना हायसं वाटलं. पुढच्या कोपऱ्यावर ते पुन्हा डावीकडे वळले आणि गाडीने पुन्हा गळा काढला.

हॉर्न साधा असता तर एवढं मनावर घेण्याचं कारण नव्हतं. गाडी बाहत्तर सालची, सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, दिसायला अगदी गरीब. पण ती मूळची कोरक्यांच्या सासऱ्यांची, म्हणजे धायरीच्या रंगनाथरावांची, आणि धायरी गाव होतं तेव्हा रस्त्यात म्हशी बसायच्या. म्हशी गाडीच्या मूळ पिपाणीला दाद देईनात, म्हणून रंगनाथरावांनी तिला दुधाच्या टँकरचा हॉर्न बसवून घेतला. चिमणीने चोच उघडावी आणि रेड्याचा आवाज निघावा तसा प्रकार. म्हशी गेल्या, रंगनाथराव गेले, गाडी जावयाकडे आली. कोरके विमा कंपनीत वरिष्ठ लिपिक. आयुष्यभर लोकांच्या अपघातांचे कागद तपासल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीत पुढचा अपघात दिसायचा. हा हॉर्न त्यांनी नऊ वर्षांत मोजून चार वेळा वाजवला असेल, तोही समोरच्याची मनातल्या मनात माफी मागून.

ते परत आले तेव्हा फाटकाशी तळमजल्यावरचे सबनीस उभे होते. सबनीस म्हणजे पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. ते म्हणाले, "कोरके, तुमची गाडी तुमच्यापेक्षा स्पष्ट बोलते."

मग त्यांनी शेजारधर्माला जागून स्टिअरिंगमध्ये डोकं घातलं आणि स्विच म्हणजे काय यावर वीस मिनिटं बोलले. स्विच म्हणजे दोन तारांमधला समजूतदारपणा, तो संपला की असं होतं, असा एकूण सारांश होता. उपाय त्यात नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी गाडीची दृष्ट काढायला सांगितली. एकाने जपानी गाडी घ्या म्हणून सुचवलं. कोरक्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि गाडी जागेवर लावली. लावतानाही शेवटी थोडं डावीकडे घ्यावंच लागतं. चार खिडक्या उघडल्या आणि एक जोरात बंद झाली.

त्याच संध्याकाळी धायरीहून सासूबाईंचा फोन आला.

दुर्गाबाईंचं वय ऐंशीच्या पुढे आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. भाजीवालीकडून त्यांना कळलं होतं की कात्रजला राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीचं, मैनाबाईंचं, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. "रविवारी तिच्याकडं जायचं हाय," दुर्गाबाई म्हणाल्या. "यांची गाडी घेऊन या जावईबापू. रिक्षानं जाऊन मी तिच्या दारात उतरायची न्हाई."

हे ऐकून कोरके खुर्चीत बसले, कारण दोघी बहिणी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. रंगनाथराव गेले त्या दिवशी मैनाबाईंना कोणी कळवलंच नाही. त्यांना तिसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून समजलं. सख्ख्या मेहुण्याची बातमी मला दूधवाल्याने सांगावी का, असं म्हणून त्या आल्या नाहीत. दुर्गाबाईंचं म्हणणं, माझ्या कपाळाचं कुंकू गेलं आणि ही बोलावण्याची वाट बघत बसली. दोघींचंही बरोबर होतं, त्यामुळे ते मिटायला काही जागाच नव्हती.

दुर्गाबाईंनी पुढे एक अट सांगितली. गाजावाजा नको. आपण येतोय हे मैनाला आधी कळलं तर ती दार लावून घेईल, हे त्या ऐंशी वर्षांच्या अनुभवावरून सांगत होत्या. एकदम दारात जाऊन उभं राहायचं. "आन् त्यो हॉर्न अजाबात वाजवू नका," त्या म्हणाल्या. "हे तिच्याकडं गेले की खालून दोनदा वाजवायचे. झोपेत बी वळखंल ती."

कोरक्यांनी होय म्हणून फोन ठेवला आणि रक्तदाबाची गोळी वेळेच्या आधी घेतली. त्यांच्या पत्नी राधाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, चांगलंच झालं की. एवढं काय तोंड उतरलंय?"

तोंड का उतरलं होतं ते कोरके राधाताईंना सांगू शकत नव्हते. त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. रंगनाथराव गेले त्या सकाळी नातेवाइकांना फोन करण्याचं काम जावयाकडे आलं होतं. राधाताईंच्या भावाने घाईघाईत एका कागदावर नावं लिहून दिली. कोरक्यांनी तेवीस फोन केले, प्रत्येक नावापुढे टिंब केलं, कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. चौथ्या दिवशी शर्ट धुवायला टाकताना घडी उलगडली, तेव्हा मागच्या बाजूला चोविसावं नाव दिसलं. मैना मावशी, कात्रज. तोवर बहिणींचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आज सांगू, दिवस झाल्यावर सांगू, वर्षश्राद्धाला सांगू, असं करता करता सांगण्याची वेळच टळून गेली. सगळ्यांनी धरून चाललं की त्या गोंधळात कोणाचं तरी राहिलं असेल. त्या ‘कोणाचं तरी’च्या आडोशाला कोरके नऊ वर्षं उभे होते.

म्हणून हा हॉर्न रविवारच्या आत गप्प व्हायलाच हवा होता. बहिणी एकदा आपापसांत बोलल्या की जुनं मागे पडेल, फोनचा विषय निघणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

बुधवारी रजा टाकून ते माऊलीकडे गेले. माऊली हा गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा चाळिशीचा कारागीर. त्याचं गॅरेज म्हणजे पदपथाकडेचं एक झाड आणि एक लोखंडी पेटी. गाडी तिथवर न्यायला तीन डावी वळणं लागली, म्हणजे माऊलीला गिऱ्हाईक येत असल्याची सूचना बरीच आधी मिळाली. त्याने स्टिअरिंगच्या मधलं हॉर्नचं बटण उचकटलं. आतून एक स्प्रिंग उडून गटाराच्या झाकणाच्या फटीत गेली. माऊलीने त्या दिशेला नमस्कार केला आणि निदान सांगितलं. बटणाखाली पितळेची एक चकती होती आणि तिच्यापर्यंत येणारी तार. इतक्या वर्षांत तारेचं वेष्टण झिजून ती उघडी पडली होती. स्टिअरिंग डावीकडे फिरलं की उघडी तार लोखंडाला टेकायची आणि गाडीची समजूत व्हायची की मालकाने बटण दाबलं.

"हे बटण बिचारं पिपाणीसाठी बनवलेलं," माऊली म्हणाला, "आणि तुम्ही त्याला भोंगा लावलाय. किती दिवस सोसणार?"

आपण लावलेला नाही, सासऱ्यांनी लावला, असं कोरक्यांनी सांगून पाहिलं, पण माऊलीच्या चेहऱ्यावरून सासऱ्यांच्या नावाखाली खूप जण बरंच काही खपवतात असं दिसलं. अख्खा स्विच बदलायला हवा होता आणि तो गाडीच्या कंपनीबरोबरच अस्तंगत झालेला होता.

कोरके पीएमटीच्या बसने नाना पेठेत गेले. पीएमटी हे नाव बदलून जमाना झाला, पण कोरके गाडीच्याच वयाचे असल्यामुळे त्यांच्या तोंडून ते जात नाही. जुन्या सुट्या भागांच्या तिसऱ्या दुकानात एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. कोरक्यांनी अदबीने हॉर्नचा स्विच मागितला. गाडी कुठल्या सालची, हे त्यांनी पेपर खाली न करता विचारलं आणि साल ऐकून म्हणाले, "त्या सालचा माणूस मिळेल. स्विच मिळणार नाही."

कोरके तरीही उभे राहिले. त्यांना जागेवरून हलता येत नाही असं नव्हतं, पण रविवार डोळ्यासमोरून हलत नव्हता. शेवटी त्या गृहस्थांना त्यांची दया आली असावी, किंवा उजेड अडत असावा. त्यांनी पायाखालचा खोका पुढे ढकलला. खोक्यात बटणं, खिट्ट्या, एका गाडीची किल्ली आणि दुसऱ्याच कोणाचा तरी चष्मा होता. तासाभरात कोरक्यांना हव्या त्या स्विचसारखा दिसणारा एक स्विच मिळाला. दुकानदार म्हणाले, घेऊन जा, बसला तर तुमचं नशीब, नाही बसला तर परत आणू नका.

गुरुवारी माऊलीने तो बसवला. त्यासाठी अख्खं स्टिअरिंग काढून पुन्हा लावावं लागलं, आणि लावताना ते दांड्यावरच्या खाचांत एक दात चुकून बसलं. झालं असं की गाडी आता डावीकडे वळताना अगदी शांत राहायची आणि सरळ जाताना ओरडायची. शिवाय गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग तिरकं, त्यामुळे कोरक्यांचं अंगही तिरकं. आयुष्यात माणूस वळतो किती आणि सरळ जातो किती, याचा विचार करत ते गॅरेजपासून घरापर्यंत शक्य तेवढं नागमोडी आले. फाटकाशी सबनीसांनी त्यांची वाट अडवली आणि आपण घेतली आहे का, अशी चौकशी केली. माळकरी घरात वाढलेल्या कोरक्यांना ती फार लागली.

संध्याकाळी पत्र आलं. सबनीस हे नुसते शेजारी नव्हते, सोसायटीचे चिटणीसही होते, आणि ही दोन नाती ते एकमेकांत मिसळू देत नसत. ‘आपल्या मालकीच्या वाहनाने तीन दिवसांत एकूण अकरा वेळा सोसायटीच्या शांततेचा भंग केला असून, याबाबतचा लेखी खुलासा तीन प्रतींत शनिवारपर्यंत सादर करावा. तोवर सदर वाहन आवारात चालू स्थितीत फिरवू नये.’ खुलासा कसा लिहितात हे कोरक्यांना कळेना, म्हणून ते सल्ला विचारायला शेजारी सबनीसांकडे गेले. सबनीसांनी चहा दिला, आपुलकीने सगळा मजकूर तोंडी सांगितला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. कोरक्यांनी तो जसाच्या तसा लिहून दिला. शुक्रवारी सकाळी चिटणीस सबनीसांनी तो परत पाठवला. शेरा होता : ‘खुलासा मोघम वाटतो. मूळ दोषाबद्दल अर्जदार काही लपवत असल्याचे जाणवते.’

हा शेरा वाचून कोरक्यांनी कागदाची घाईने घडी केली आणि खिशात टाकली. वास्तविक तो तारेबद्दल होता.

शुक्रवारी वॉचमनने आणि दोन भल्या माणसांनी गाडी ढकलत रस्त्यावर नेली आणि कोरके ती पुन्हा माऊलीकडे घेऊन गेले. माऊलीने स्टिअरिंग काढून जागच्या जागी बसवलं. सरळ जाताना शांतता आली. डावीकडे वळताना भोंगा आला, म्हणजे मंगळवारी होतो तिथेच परत आलो. नाना पेठेतला स्विच आतून गोल नव्हता, थोडा लंबगोल होता, त्यामुळे डावीकडे फिरताना तार पुन्हा लोखंडाला टेकायची. हे माऊलीच्या तेव्हा लक्षात आलं, आणि त्याच वेळी हेही लक्षात आलं की गावाला त्याच्या देवाची यात्रा आहे आणि त्याला निघायला हवं. सोमवारी बघू, तो म्हणाला.

"तार काढून टाका ना," राधाताई म्हणाल्या. एवढी साधी गोष्ट पुरुषांना आठवडाभर का सुचत नाही हे त्यांना कळत नव्हतं.

ती कोरक्यांना सुचली होती. पण हॉर्नची तार पुढच्या जाळीच्या आत होती, आणि जाळीचे स्क्रू गंजून जाळीशी एकजीव झाले होते. राहिला फ्यूज. तो काढला की हॉर्न बंद, पण त्याच फ्यूजवर मागचे ब्रेकचे लाल दिवेही चालत. ब्रेकच्या दिव्यांशिवाय, ऐंशी वर्षांच्या बाईला मागच्या सीटवर बसवून, कात्रजच्या वाहतुकीत. कोरक्यांनी अशा प्रकरणांचे कागद पाहिले होते. त्यांना फोटोसुद्धा आठवत होते. त्यांनी फ्यूज हातात घेतला, पाच मिनिटं त्याच्याकडे बघितलं, आणि परत लावला.

तेव्हा त्यांची मुलगी सृष्टी म्हणाली, "बाबा, मग सिम्पल आहे. लेफ्ट घ्यायचंच नाही."

सृष्टी हिंजवडीला कॉम्प्युटरवर कसलं तरी काम करते. एक डावं वळण म्हणजे तीन उजवी वळणं, हे तिने कागदावर चौकोन काढून दाखवलं. मग फोनवर नकाशा उघडून तिने कोथरूड ते धायरी आणि धायरी ते कात्रज असा एकही डावा कोपरा नसलेला रस्ता बसवून दिला. हलकी वळणं चालतील, स्टिअरिंग पाव फिरकीच्या वर जाता कामा नये. एरवी पाऊण तासाचं अंतर अडीच तासांचं झालं. शिवाय रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या आपल्या देशात उजवीकडे वळणं म्हणजे समोरून येणाऱ्या अख्ख्या जगाच्या आडवं जाणं, हे कोरक्यांना तो कागद बघतानाच दिसत होतं. कागदाच्या खाली सृष्टीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘डावीकडे वळायचं नाही.’

रविवारी सकाळी आठला गाडी पुन्हा ढकलत फाटकापर्यंत आणून ते निघाले. फाटकातून डावीकडे न वळता बाहेर पडण्यासाठी उजवीकडे वळून अख्ख्या वस्तीला प्रदक्षिणा घालावी लागली. राधाताई पुढे बसल्या होत्या, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा आणि हातात नकाशा. एका भाजीच्या गाडीजवळून ते तीन वेळा गेले. तिसऱ्या खेपेला भाजीवाल्याने मेथीची जुडी उंच करून दाखवली. एवढा मोह आवरत नसेल तर घेऊनच टाका, असं त्याचं म्हणणं असावं. वारज्याला एका ट्रकवाल्याने खिडकीतून बाहेर येऊन कोरक्यांना जे विचारलं ते राधाताईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. पण हॉर्न वाजला नाही. धायरीला पोचेपर्यंत कोरक्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

दुर्गाबाई खाली येऊन उभ्याच होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात पिशवी. त्या गाडीजवळ आल्या, पुढच्या दारापाशी थांबल्या, ड्रायव्हरच्या जागेकडे बघितलं. जावई बसला होता तिथे नवरा बसायचा. मग मागे जाऊन बसल्या. रंगनाथराव गेल्यापासून त्या या गाडीत बसल्या नव्हत्या.

"आई, पाणी देऊ?" राधाताईंनी विचारलं.

"चला," त्या म्हणाल्या.

कात्रजपर्यंतच्या रस्त्यात त्या फक्त एकदा बोलल्या. एकाच चौकातून दुसऱ्यांदा जाताना त्यांनी विचारलं की जावईबापूंना रस्ता म्हाईत न्हाई का. कोरके म्हणाले, गर्दी टाळतोय. आरशात त्यांना सासूबाईंचा चेहरा दिसत होता. ओठ हलत होते. मैनाबाईंना काय म्हणायचं याची त्या तयारी करत होत्या. ते बघून कोरक्यांना स्वतःचा हिशेब आठवला. इतकी वर्षं हिशेबात फक्त आपली लाज धरली होती. मागे बसलेल्या या बाईने धाकट्या बहिणीशिवाय किती संक्रांती, किती दिवाळ्या काढल्या, ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

मैनाबाईंची सोसायटी आली. चार मजली इमारत, त्या दुसऱ्या मजल्यावर. नकाशाप्रमाणे फाटक उजव्या हाताला होतं आणि ते उजव्या हाताला आलंही. कोरके अलगद आत वळले. आता फक्त गाडी थांबवायची. तेवढ्यात वॉचमन हातातली काठी हलवत पुढे आला. पाहुण्यांची गाडी तिथे नाही, तिकडे भिंतीशी लावायची, असं त्याने सांगितलं. भिंत डावीकडे होती.

कोरक्यांनी त्याला विनवलं. इथेच दोन मिनिटं, म्हातारं माणूस आहे. वॉचमनने नियमांच्या पाटीकडे काठी केली. मागून एक मोटार आत येऊन थांबली होती आणि तिला घाई होती. कोरक्यांनी स्टिअरिंग पाव फिरकीपर्यंत डावीकडे घेतलं. काही झालं नाही. अजून बोटभर घेतलं.

हॉर्न वाजला. त्यांनी घाबरून स्टिअरिंग सरळ केलं, तरी तो वाजतच राहिला. आतल्या आत तार आता कायमची चिकटली होती. त्यांनी उजवीकडे फिरवलं, बटणावर बुक्की मारली, किल्ली काढून घेतली. कशाचाच उपयोग झाला नाही. म्हशींसाठी बसवलेला तो आवाज चारही बाजूंच्या भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परत येत होता. गॅलऱ्या माणसांनी भरल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक पांढरं डोकं दिसलं, खाली वाकलं आणि नाहीसं झालं.

"झालं," दुर्गाबाई म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या ओठांवरून तसं दिसलं. त्या दार उघडून खाली उतरल्या आणि गाडीला धरून उभ्या राहिल्या. दार लावून घेतलं मैनाने, संपलं, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. कोरके बॉनेट उघडून, पाना घेऊन आत हात घालत होते. फ्यूजची त्या गोंधळात त्यांना आठवणच झाली नाही, आणि कुठली तार ओढावी ते कळत नव्हतं. सगळ्याच काळ्या होत्या.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि मैनाबाई वॉकर टेकत बाहेर आल्या. नव्या गुडघ्यांवर त्या एक एक पाऊल टाकत गाडीपर्यंत आल्या आणि बहिणीपासून चार हातांवर थांबल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मैनाबाई काहीतरी बोलल्या. हॉर्नमध्ये ते ऐकू येत नव्हतं. दुर्गाबाईंनी कानाला हात लावला. मैनाबाई ओरडून बोलल्या, आणि जवळ उभ्या असलेल्या कोरक्यांना त्यातलं तेवढंच समजलं, "आज भोंगा वाजवत आलीस. तवा एक फोन करायला तुझ्याकडं मानूस नव्हता का?"

दुर्गाबाईंचा चेहरा पुन्हा दगडासारखा झाला. त्यांनी पिशवी उचलली.

कोरक्यांनी हातातला पाना टाकला आणि ते दोघींच्या मध्ये जाऊन उभे राहिले. या आवाजात आपलं कोणाला नीट कळणार नाही, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. उलट त्याच आधारावर त्यांनी तोंड उघडलं. ते म्हणाले की मावशी, माणूस होता. तो माणूस मी. दुर्गाबाईंनी काय, म्हणून मान हलवली. ते जरा जोरात म्हणाले. मैनाबाईंनीही काय, म्हणून विचारलं. मग कोरक्यांनी छाती भरून घेतली आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते एवढ्या जोरात ओरडले. नेमका त्याच क्षणी फ्यूज वितळला आणि हॉर्न एकाएकी थांबला.

"फोन मी करायचा होता, मी केला नाही, मी विसरलो!"

हे वाक्य चार मजल्यांपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. पाठोपाठ त्याचा प्रतिध्वनीही आला. वॉचमनने काठी खाली केली.

कोरक्यांनी मग खालच्या आवाजात सगळं सांगितलं. तो कागद, तेवीस टिंबं, मागच्या बाजूचं नाव, चौथा दिवस. बोलताना ते कोणाकडेच बघत नव्हते, गाडीच्या चाकाकडे बघत होते.

"नऊ वर्सं," दुर्गाबाई म्हणाल्या.

"नऊ वर्सं मिठाची गुळणी धरून बसला ह्यो," मैनाबाई म्हणाल्या.

"दर दिवाळीला माझ्या हातचं खाऊन जातोय."

"आन् म्या तुला शिव्या देतीया."

"म्या बी तुलाच."

यानंतर दोघी मिळून जावयाला जे बोलल्या ते इथे सांगण्यात अर्थ नाही. ‘जावईबापू’ हा शब्द त्यात एकदाही नव्हता. एकीला दम लागला की दुसरी पुढे चालवत होती, आणि मधले शब्द त्या एकमेकींना पुरवत होत्या. कोरके मान खाली घालून ऐकत होते. बोलता बोलता मैनाबाईंचा तोल गेल्यासारखा झाला, तेव्हा दुर्गाबाईंनी त्यांचा दंड धरला. तो त्यांनी नंतर सोडला नाही.

लिफ्टपर्यंत परत चालत जाण्याचं मैनाबाईंच्या गुडघ्यांत त्राण नव्हतं. दुर्गाबाईंनी गाडीचं मागचं दार उघडलं, बहिणीला आत बसवलं, वॉकर बाहेर ठेवला, स्वतः शेजारी बसल्या आणि दार ओढून घेतलं. काचा वर केल्या. थोड्या वेळाने काच चार बोटं खाली आली आणि हात बाहेर आला. तो लाडवांचा डबा मागत होता. राधाताईंनी डबा दिला. मग त्या नवऱ्याकडे वळल्या, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "घरी बोलू." आणि मावशीच्या सुनेला चहाला मदत करायला त्या वर निघून गेल्या.

कोरके गाडीशेजारी वॉकर धरून उभे राहिले. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, मग दोघी रडत होत्या, मग एक काहीतरी मोजत बोटं मुडपत होती आणि दुसरी मान डोलवत होती. रस्ता अडलेला तसाच होता. मागच्या मोटारीतले गृहस्थ उतरून आले. बहुधा तेही कोणत्या तरी कमिटीवर असावेत, कारण त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग नियमांची पाटी बघितली आणि मग ही गाडी इथून कधी हलणार, ते लेखी नको पण निदान तोंडी तरी सांगाल का, असं विचारलं.

एरवी कोरक्यांनी त्यांची माफी मागितली असती. त्यांनी एकदा काचेतून आत बघितलं.

"नऊ वर्षांचं बोलणं राहिलंय," ते म्हणाले. "वेळ लागेल. तुम्ही उजवीकडून काढून घ्या."